अकोल्याच्या यादीतली आचल

वऱ्हाडात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी उन्हाचं विचारतात, मग संत्र्यांचं. मी गेले ते ऐन थंडीत. संत्री आणली होती, पण ती कुणाला वाटणं माझ्या हातून झालं नाही. डायनिंग टेबलावर पडून पडून ती सुकली आणि शेवटी कामवाल्या बाईंनी फेकून दिली. एवढी लांब जाऊन आलीस आणि काहीच कसं सांगत नाहीस, असं शेजारणीनं दोनदा विचारलं. तर आता सांगते. एकदाच सांगते, पुन्हा कुणी विचारू नका.

मी नर्स होते. एकतीस वर्षं वॉर्डात काढली आणि निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून एका संशोधनाच्या कामाला लागले. आईला एचआयव्ही असला आणि गरोदरपणात औषधं मिळाली नाहीत, तर तो बाळालाही होऊ शकतो. असा आजार घेऊनच जन्मलेली मुलं आता वयात आली आहेत. रोज गोळी घेतली तर ती तुमच्याआमच्या मुलांसारखीच जगतात, कॉलेजला जातात, आईशी भांडतात, प्रेमात पडतात. पण पंधरा-सोळा वर्षांच्या आसपास काही मुलं गोळ्या सोडतात आणि दवाखान्यात यायची बंद होतात. ती का सोडतात, आणि मग क्षयरोगासारखे संसर्ग त्यांना कसे गाठतात, हे शोधायचं. मोठे डॉक्टर त्यावर लेख लिहितात, माझ्यासारख्या बायका दारं ठोठावत फिरतात.

माणसांची नावं मी बदलली आहेत. गावाचं नाव तर देणारच नाही; चांदूर बाजारच्या पुढे, एवढंच धरा.

अकोला

गाडी सकाळी पोचली तेव्हा फलाटावर जो तो कान बांधून उभा होता. वऱ्हाडात अशी थंडी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुण्याची पातळ शाल गुंडाळून मी स्टेशनबाहेर कचोरी खाल्ली, वर चहा घेतला. चहा मचूळ लागला. टपरीवाल्याला म्हटलं तर तो शांतपणे म्हणाला, बोअरचं पाणी आहे, खारंच असतं इकडं, दोन दिवसांत सवय होईल. खारपाणपट्टा हा शब्द शाळेत पाठ केला होता. त्याची चव वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळली.

सरकारी दवाखान्यात या गोळ्यांचं जे केंद्र आहे तिथं ज्योतीताई भेटली. ती समुपदेशक, म्हणजे रुग्णांशी बोलायचं, समजावायचं काम करणारी. वय पस्तिशीचं, आवाज घोगरा, बोलायला रोखठोक. तिनं यायची बंद झालेल्या मुलांची यादी माझ्यापुढे ठेवली. मी पत्ते वाचायला लागले तर अचलपूर, दर्यापूर, चांदूर बाजार, सेमाडोह. यादी अकोल्याची आणि माणसं सगळी अमरावती जिल्ह्यातली. मी म्हटलं, कागद बदलला वाटतं. ज्योतीताई म्हणाली, नाही, इथं असंच असतं. अमरावतीकडची माणसं अकोल्याला येतात आणि अकोल्याची अमरावतीला जातात. आपल्या गावच्या दवाखान्यात ओळखीची नर्स निघते, शेजारचा शिपाई निघतो, मग संध्याकाळपर्यंत गावभर. त्यापेक्षा दोन गाड्या बदलून परक्या गावात गोळ्या घेतलेल्या बऱ्या. आपल्या पुण्यातही हडपसरचा माणूस औंधला जातो म्हणा. पण तो रिक्षानं जातो, त्याची दिवसाची मजुरी बुडत नाही.

मला फिरायला शब्बीरभाईंची रिक्षा ठरवून दिली होती. पांढरी दाढी, गळ्यात मफलर, रेडिओ अखंड चालू. एसटी स्टँडवरून बायका बसल्या की हे शब्बीरभाई कुठं जायचं म्हणून विचारत नाहीत. दवाखान्याच्या मोठ्या फाटकाशी न थांबता मागच्या भाजीवाल्यांच्या गल्लीत सोडतात, म्हणजे कुणी पाहिलं तरी बाई भाजीला आली असंच वाटावं. तुम्हाला कसं कळतं, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "जो बैठ के बताता नहीं कहाँ जाना है, उसको वहीं जाना होता है, मॅडम." मग त्यांनी रेडिओ मोठा केला आणि विषय संपवला.

सेमाडोह

दुसऱ्या दिवशी मेळघाटात गेले. परतवाड्यापासून एसटी घाट चढायला लागली. माझ्या शेजारी वाघ पाहायला निघालेलं नागपूरचं एक जोडपं होतं. तुम्हीपण सफारीला का, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आमच्या कामात पहिल्या दिवसापासून असं बोलायची सवय लावून घ्यावी लागते. आम्ही तिला गोपनीयता म्हणतो. मग पुढचा तासभर मला वाघांबद्दल मत द्यावं लागलं.

सेमाडोहला यादीतल्या आडनावाचं कुणी नव्हतंच. पत्ता खोटा. मुलाच्या आईनं तो कुणाकडून तरी ऐकून लिहून दिला असणार, कारण खरा पत्ता दिला की त्या पत्त्यावर माझ्यासारखी कुणीतरी जाऊन उभी राहते. मी आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. भिंतीवर सिकलसेलचा मोठा फलक होता. हा रक्ताचा आजार या भागात बराच आहे, आईबापांकडून मुलांना येतो. तेव्हा लग्नाआधी मुलामुलीचं रक्त तपासा, कार्ड घ्या, कार्ड जुळवा, असं त्यावर लिहिलं होतं. आमच्याकडे पत्रिका जुळवतात, इथं रक्ताचं कार्ड. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं आणि मी फलकाचा फोटोसुद्धा काढला.

चांदूर बाजारच्या पुढे

तिसऱ्या दिवशीचा पत्ता आचलचा. वय सतरा, अठरा पुरी व्हायला थोडेच महिने राहिलेले. जन्मापासून आजार, वडील ती लहान असतानाच गेले. आई रेखाबाई, तिलाही तोच आजार, ती स्वतःच्या गोळ्या घ्यायला अकोल्याला नेमानं येत होती. पोरगी मात्र सात महिने आली नव्हती आणि तिच्या गोळ्याही कुणी नेल्या नव्हत्या. विचारलं की रेखाबाई म्हणे, मामाकडे आहे, तिकडं घेते. ज्योतीताईला काही ते पटलं नव्हतं.

अमरावतीहून चांदूर बाजारची गाडी निघाली की दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा लागतात. झाडं फळांनी वाकलेली आणि खाली ट्रक भरून चाललेले. चांदूर बाजारला उतरून सहा आसनी रिक्षानं गावात गेले. तिथल्या किराणा दुकानात आचलचं घर विचारलं. मी काय, कडक इस्त्रीची साडी, हातात पर्स, बोलणं पुण्याचं. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लग्नसराईच्या दिवसांत उपवर पोरीचं नाव घेत परगावची बाई येते, म्हणजे दुसरं कशाला येणार? "पोरीले पाहाले आल्या का?" त्यानं विचारलं. खरं कारण सांगायची सोय नाही आणि दुसरं सुचेना. मी नुसती हसले. झालं. मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती.

आचलचे मोठे काका अंगणात धुतलेला सदरा घालून उभे. हे माळ्यांचं घर. सगळ्यांची मिळून तीन-चार एकर, त्यात शेवंती, झेंडू, वांगी. ओट्यावर शेवंतीची पोती भरून ठेवलेली, सगळ्या घराला तो ओलसर वास. मला खाटेवर बसवलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं. मुलगा काय करते, म्हणून काकांनी विचारलं. मी म्हणाले, नोकरी करतो. कुठं? म्हटलं, पुण्यात. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरी करतो, त्याला दोन पोरं आहेत. आतल्या दाराच्या चौकटीला धरून एक बाई माझ्याकडे पाहत होती. ती रेखाबाई. मी कुठली, कशाला आले, हे त्या घरात तिला एकटीला कळलं होतं, आणि ते तिनं पदराआड गिळलं.

आचल पोहे घेऊन आली. उंच, सावळी, डोळे फार बोलके. ओढणीची टाचणी दोनदा नीट केली तिनं. मी एकतीस वर्षं वॉर्ड पाहिलेली बाई. माझी नजर आधी तिच्या मनगटांवर गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती हसली तेव्हा जिभेवर पांढरा थर दिसला. मला दुसरा रिपोर्ट नको होता. सगळे पाहत होते म्हणून मी पोह्यांची ताटली संपवली.

मग काकांनी बायोडाटा दिला आणि त्याच्यासोबत एक कार्ड. अगदी अभिमानानं दिलं. त्यावर आचलचं नाव आणि खाली लिहिलेलं, सिकलसेल नाही. काकांनी सांगितलं, लहानपणापासून पोरीला सिकलसेल आहे म्हणून आम्ही समजत होतो, बापालाही तेच होतं, गोळ्या चालू होत्या. पण कॉलेजात शिबिर आलं, रक्त तपासलं, तर पोरगी चोख निघाली. त्या दिवशी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. कार्ड माझ्या हातात होतं आणि सात महिन्यांचा हिशेब मला एका क्षणात लागला.

फुलं पाहायच्या निमित्तानं मी रेखाबाईला घेऊन मळ्यात गेले. ती शेवंती तोडत बोलत होती. हात एकदाही थांबला नाही तिचा.

"ते पाच वर्सांची होती तवापासून मीच सांगतलं तिले, तुले सिकलसेल हाये म्हणून. तुह्या बापालेबी होता. गावात कोणी विचारलं तं तिनं हेच सांगावं म्हणून. सिकलसेलवाल्याले कोणी घराबाहेर नाही काढत, मॅडम. मंग ते शिबिर आलं. पोरगी नाचत घरी आली. म्हणे, आई, मी चांगली हाये. गोळ्यायचा डबा तिनंच उकिरड्यावर फेकला. आता तिले मी काय म्हणून सांगू, का घे?"

बारा वर्षं तिनं हे खोटं सांभाळलं होतं. डब्यावरचं लेबल खरवडायचं, अकोल्याला जायला मावशीचं दुखणं काढायचं, पोरीला डॉक्टरांच्या खोलीत एकटीला जाऊ द्यायचं नाही. ज्योतीताई दर वेळी सांगे, आता पोरगी मोठी झाली, आता सांगू या. दर वेळी ही म्हणे, पुढच्या खेपेला. आणि ते खोटं एका खऱ्या कार्डानं मोडून पडलं. शिबिरवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी जे तपासलं ते बरोबरच सांगितलं होतं.

मी म्हटलं, आता एकच रस्ता आहे, तिला खरं सांगायचं, आजच. रेखाबाईनं मान हलवली. मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की तुम्ही पुण्याच्या आहात, तुमचं ती ऐकेल, तर तिला दुसऱ्या एखाद्या आजाराचं नाव सांगा. रक्त पातळ झालं म्हणा, थायरॉईड म्हणा, काहीही म्हणा, पण गोळ्या सुरू करा.

मी संतापले. माझा स्वभावच तसा, आणि वॉर्डात ओरडायची सवय. पोरगी तुमच्या डोळ्यांसमोर वाळत चालली आहे, तिच्या तोंडात बुरशी धरली आहे आणि तुम्हाला अजून नवं खोटं हवंय, आई आहात की कोण, असं मी तिला बोलले. हे शब्द आज परत घेता आले तर मी काय वाटेल ते देईन. ती चिडली नाही. हातातली फुलं पोत्यात टाकून म्हणाली, "अन् तुमी पोरीले पाहाले आल्या म्हणून पोहे नाही खाल्ले का आत्ता?"



तुम्ही म्हणाल, मीच का नाही सांगितलं आचलला? आमचा नियम आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर आईबापांच्या परवानगीशिवाय त्याला आजाराचं नाव सांगायचं नाही. नियम वाईट नाही. कुणीतरी आगंतुकानं येऊन पोराच्या डोक्यात धोंडा घालावा आणि निघून जावं, तसं होऊ नये म्हणून तो केलेला आहे. मी त्यावर सही केली आहे. पण त्या मळ्यात, आचल पन्नास पावलांवर धुणं वाळत घालत असताना आणि मध्येच खोकत असताना, तो नियम मला फार जड झाला.

शेवटी तासाभरानं रेखाबाई कबूल झाली. परवा अकोल्याला यायचं, ज्योतीताईनं सांगायचं, आईनं शेजारी बसायचं. तिची एकच अट, मी सोबत पाहिजे. मी चांदूर बाजारला लॉजवर राहिले. रात्री बेसन-भाकर खाल्ली. आमच्याकडे ज्याला पिठलं म्हणतात ते इथं बेसन, आणि तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. तेवढंच निमित्त पुरलं मला.

परत अकोल्याला

ठरल्या दिवशी सकाळी दोघी चांदूर बाजारच्या स्टँडवर आल्या. आचलनं टिकल्यांचा नवा ड्रेस घातला होता, केसांत शेवंतीची वेणी. मला वाटलं, शहरात जायचं म्हणून नटली असेल पोरगी. अमरावतीला गाडी बदलून आम्ही अकोल्याच्या गाडीत बसलो. आचलला खिडकी. बडनेरा मागे पडलं, कापसाचे ट्रॅक्टर दिसायला लागले, तशी ती खुलली. कॉलेजातल्या गमती सांगितल्या, मैत्रिणींची नावं सांगितली. मूर्तिजापूरला मी आलूबोंडे घेतले. तिनं एक घास खाल्ला आणि बाकीचा हळूच कागदात गुंडाळून ठेवला. गिळताना दुखत होतं तिला. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "मॅडम, त्यायचं घर स्टँडपासून लांब हाये का?"

मला आधी कळेना. कुणाचं घर? मग कळलं. घरातून निघायला रेखाबाईनं काकांना काय सांगितलं असेल ते कळलं. मुलाकडचं घर पाहायला बोलावलंय, पुण्याच्या बाईंचे भाऊ अकोल्याला असतात, असं काहीतरी. मी रेखाबाईकडे पाहिलं तर ती बाहेर तुरीच्या शेतांकडे बघत बसलेली.

आता मात्र पुरे झालं, असं मला वाटलं. मी म्हटलं, आचल, मुलगा वगैरे काही नाही. तिचा चेहरा उतरला. मग आपण कुठं चाललो, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, आईला विचार. तिनं आईला विचारलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, दंडाला हलवून विचारलं. आईनं डोक्यावरून पदर घेतला आणि तोंड खिडकीकडेच ठेवलं. बोरगावपासून अकोल्यापर्यंत त्या गाडीत आम्ही तिघी शेजारी शेजारी बसलो होतो. खरं माझ्या जिभेवर होतं. मी ते दातांखाली धरून ठेवलं.

स्टँडवर शब्बीरभाई उभेच होते. त्यांनी रेखाबाईला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही, आणि न विचारता रिक्षा भाजीगल्लीत नेऊन थांबवली. मी उतरले. आचल उतरली. रेखाबाई बसून राहिली. मी हात पुढे केला, तिनं तो धरला नाही. दोन पावलांवर दवाखान्याचं मागचं फाटक, आत ज्योतीताई सगळी कामं बाजूला ठेवून वाट पाहत बसलेली.

"नाही होत जी माह्याच्यानं," ती म्हणाली. "ते मले इचारीन, हे तूच देलं का मले. मंग मी काय सांगू?"

मी समजावलं. ज्योतीताईला फोन करून बाहेर बोलावलं, तिनंही समजावलं. भाजीवाल्या पाहायला लागल्या. आचल वांग्यांच्या ढिगाशी उभी राहून कधी आईकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मग रेखाबाईनं तिला हाताला धरून रिक्षात ओढलं आणि शब्बीरभाईंना सांगितलं, परत स्टँडवर चला. शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? मीही बसले.

गाडी लागलेली होती. रेखाबाई जागा धरायला आत गेली, तेवढ्यात आचल माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. म्हणाली, "खरं सांगा मॅडम. माहा रंग पाहून नाही म्हटलं का तुमी?"

मी म्हटलं, नाही गं बाई, रंगाचं काही नाही. मग खोकल्यामुळं का, म्हणून तिनं विचारलं. मी बोलले नाही. तिनं मान हलवली, तिला तसंच वाटलं होतं म्हणाली. थंडीचा खोकला आहे, उन्हाळ्यात जातो, हेही तिनं मला समजावून सांगितलं, जणू मी त्यावर फेरविचार करावा. आणि गाडीत चढली. पोरीनं असं समजून जावं की मी तिला सून म्हणून नाकारलं, हे मी होऊ दिलं. त्या क्षणी मला दुसरं काही करता येत नव्हतं असं मी स्वतःला सांगते.

पुणे

मी पुण्याला आल्यावर ज्योतीताई दर दोन दिवसांनी रेखाबाईला फोन करत होती. आधी रेखाबाई म्हणाली, संक्रांत होऊन जाऊ द्या. मग म्हणाली, चुलतबहिणीचं लग्न होऊ द्या. मग फोन बंदच लागायला लागला. मी वरिष्ठांना लिहिलं. सगळ्यांना वाईट वाटलं, एक बैठकसुद्धा झाली. आचल अठराची झाली की तिच्याशी थेट बोलता येईल, असं ठरलं.

अठरा व्हायला एक महिना राहिला असताना मला फोन आला. दुपारची वेळ, मी कोथिंबीर निवडत बसले होते. नंबर अनोळखी. रेखाबाई अमरावतीच्या एका दवाखान्यातून बोलत होती. आचलला चार दिवसांपासून तिथं ठेवलं होतं. डोक्यात क्षय उतरला होता. गावाजवळच्या दवाखान्यात जायचं नाही, कुणाला कळू द्यायचं नाही, ते सगळं आता संपलं होतं. काका एकदा येऊन गेले, काय आहे ते कळलं, आणि पुन्हा फिरकले नाहीत. डॉक्टर प्रयत्न करत होते, पण वाचायची आशा कमीच, हे त्यांनी हातचं न राखता सांगितलं होतं.

"तुमी म्हणत होत्या न, माही परवानगी पाह्यजे म्हणून," रेखाबाई म्हणाली. "देली मी. आता सांगा तिले. शुद्धीवर हाये ते, सारखी इचारून राह्यली, मले काय झालं. माह्या तोंडून निघत नाही. फोन तिच्या कानाले लावतो मी, अन् बाहीर जाऊन उभी राहतो."

फोन कुठंतरी घासला गेला. मग श्वास ऐकू यायला लागला, छोटा छोटा, तुटक.

मुलांना हे कसं सांगायचं, याचं मला शिक्षण मिळालेलं आहे. पहिलं वाक्य कुठलं, दुसरं कुठलं, कुठं थांबायचं, सगळं मला पाठ आहे. पुण्यात बसून मी नव्या मुलींना ते शिकवते. मी म्हटलं, आचल, मी पुण्याची मॅडम.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज अगदी खालून येत होता. "मले झालं काय?"

आणि मी म्हणाले, "अशक्तपणा आहे गं. रक्त कमी झालंय. औषधं चालू आहेत, बरी होशील."

"सिकलसेल तं नाही न?"

"नाही, नाही. तुझं कार्ड पाहिलंय ना मी. चांगली आहेस तू."

ती हो म्हणाली की नुसता श्वास होता, मला कळलं नाही. मी आणखी काही बोलत राहिले. शेवंतीचं बोलले, उन्हाळ्यात खोकला जाईल म्हणाले. थोड्या वेळानं रेखाबाईनं फोन परत घेतला.

"सांगतलं का जी?"

"हो," मी म्हणाले.

"सगळं? माह्यापासून आलं हेबी?"

"हो. सगळं."

"मंग? काय म्हणे ते? चिडली का माह्यावर?"

मी म्हणाले, नाही, चिडली नाही.

बराच वेळ ती फोनवर रडत होती. देवानं ऐकलं म्हणाली, तुमचे उपकार झाले म्हणाली. पोरीच्या मनात राग राहिला असता तर जगता आलं नसतं म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी आचल गेली. रेखाबाई अजून स्वतःच्या गोळ्यांसाठी अकोल्याला येते, आणि ज्योतीताईला दर वेळी सांगते, की माझ्या पोरीला जाण्याआधी सगळं कळलं होतं आणि तिनं मला माफ केलं.